माय झोपो म्हणते

भिमाबाई आणि सुंदराबाई या दोघी बहिणी सोनाळ्याच्या बाजारात उतरल्या की उकंडराव किराणावाल्याचं दुकानात लक्ष लागायचं नाही. दोघी त्याच्या काट्यासमोर उभ्या राहायच्या, मोहफुलांची पाटी खाली ठेवायच्या आणि आपसात असं काही बोलायच्या की त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरायचं नाही. हसायच्याही. आता समोरचं माणूस आपल्या काट्याकडे बघून हसतं आणि का हसतं ते कळत नाही, यापेक्षा मोठा जाच दुकानदाराला कोणता असणार!

एकदा तो चिडून म्हणालाच, "काय व बाई, माह्याच दुकानात उभ्या राहून काय चोऱ्या ठरवून राह्यल्या?"

भिमाबाईने लगेच बोली बदलली. सोनाळ्यातली बाई बोलणार नाही अशा ठसक्यात म्हणाली, "तुह्या दुकानात चोरावं असं हाये तरी काय भाऊ? एक गूळ होता, तो मुंग्याईनं आंधीच लंबा केला."

दुकानातलं गिऱ्हाईक खो खो हसलं, उकंडरावही हसला, वरून हातावर चिमूटभर गूळ ठेवला. पण परतीच्या वाटेवर तो गूळ दोघींपैकी कोणी तोंडात टाकला नाही. चोरांची बोली. हे त्या परकर नेसत होत्या तेव्हापासून ऐकत आल्या होत्या. तोंड उघडलं की कोणीतरी खिसा चाचपायचं.

त्यांचं गाव कुंडझिरी. संत्र्याचे बगीचे जिथे संपतात आणि सागवान सुरू होतं, तिथे सातपुड्याला पाठ लावून नाल्याच्या काठी बसलेलं. खाली सगळा वऱ्हाडी मुलूख, वर डोंगरात कोरकू, घाट ओलांडला की हिंदी. तिघांच्या मधोमध निहाली बोली म्हणजे पुराच्या पाण्यात उघडं राहिलेलं टेकाड. शेजारच्या एकाही बोलीशी तिचं सोयरपण जुळत नाही. नाल्यातल्या प्रत्येक डोहाला, धुणं धुवायच्या प्रत्येक दगडाला त्या बोलीत वेगळं नाव होतं. खालच्या लोकांच्या लेखी तो सगळा मिळून एक नाला, आणि उन्हाळ्यात तोही नाही.

भिमाबाईला सासर गावातच मिळालं, पण नवऱ्याच्या घरी बोली कधीच विसरलेली. तरी पहिला मुलगा चैतराम झाला तेव्हा तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं ते आपल्याच बोलीत. पोरगं भलतं बोलकं. बदकासारखं मान काढून बोलायचं.

ते पोरगं पाच-सहा वर्षांचं असताना एका मालकाच्या खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. भिमाबाई पाणी आणायला विहिरीवर गेलेली. पोरं कडब्याच्या गंजीत खेळत होती. एकाएकी चैतराम ओरडायला लागला, "कोग्गो! कोग्गो!" खळ्यावरचे गडी हसले. एकाने कोंबडीसारखे पंख हलवून दाखवले, "कोग्गो कोग्गो, अंडं देते का बे?" पोरगं गंजीकडे बोट करत होतं, रडत होतं, आणि ते जितकं रडे तितकं हसू वाढे. कोग्गो म्हणजे साप. हे सांगणारी बाई विहिरीवर होती.

तिच्या डोक्यावरचा हंडा तिथेच पडला म्हणतात.

त्यानंतर तिने बोलीला घराचं दार बंद केलं. दयाराम झाला तो वऱ्हाडीतच रडला आणि वऱ्हाडीतच हसला. थोरल्या भावाला पान लागलं आणि तो गेला, एवढंच त्याला सांगितलं गेलं. पान लागणं म्हणजे साप चावणं, हे त्याला कळायचं. पण भावाने काय हाक मारली होती आणि ती कोणाला कळली नव्हती, हे ती कधी बोलली नाही. ते सुंदरामावशीने पुढे त्याच्या बायकोला सांगितलं आणि बायकोने त्याला, तोवर दयारामच्या मिशा पांढऱ्या होऊ लागल्या होत्या.

पण माणसाने कितीही दार लावलं तरी बोलणं कुठे ना कुठे झिरपतंच. दोघी बहिणी रोज धुण्याच्या निमित्ताने नाल्यावर जायच्या. धुणं दोन लुगड्यांचं, वेळ अर्ध्या दिवसाचा. गावातली पोरं म्हणायची, त्या डोहातले मासेही आता निहाली समजतात. कोणी वाटेने आलं की दोघी एकदम गप्प. फक्त कपडे आपटल्याचा आवाज. दयाराम लहानपणी हळूच झाडामागून ऐकायला जायचा. त्याला वाटायचं, माय दुसरीच कोणी बाई होते तिथे. मोठ्याने हसणारी.

दयाराम मोठा होऊन सोनाळा ते कुंडझिरी जीप चालवायला लागला. त्या जीपचा हॉर्न कधीच वाजला नाही. तो खिडकीतून हात काढून दाराचा पत्रा बडवायचा, आणि ढोरं बाजूला व्हायची. लोक म्हणायचे, दयारामच्या गाडीत हॉर्न सोडून सगळं वाजते. मोठा गमत्या माणूस. फक्त एखादा नवा प्रवासी विचारायचा, "तुम्ही निहाल का हो?" तर हा समोर रस्त्याकडे बघत म्हणायचा, "नाही जी, आम्ही इकडचेच. मराठी."

मागल्या होळीच्या सुमारास सुंदरामावशी गेली. भिमाबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी एकटीच नाल्यावर गेली आणि लुगडं कोरडंच परत घेऊन आली. पुढे तिचं बोलणं उरलं ते बकऱ्यांशी. सून वंदना नवऱ्याला म्हणाली, "माय बकऱ्याइसंग घंटा घंटा बोलते. अन् बकऱ्या आयकतात बरं! माह्यं त एक नाही आयकत."

"तू त्याइले शिव्या देतं," दयाराम म्हणाला. हसला आणि विसरला.

यंदा संत्र्याला बहर होता त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी भिमाबाई बकऱ्या सोडायला अंगणात वाकली ती उठलीच नाही. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. दयारामने तिला जीपमध्ये घातलं आणि पत्रा बडवत, रस्ताभर सगळ्यांच्या आयमाय काढत तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण, पण समंजस होता. तपासून म्हणाला, "गळ्यालाही धक्का बसलाय. पाणी पाजलं तर फुप्फुसात जाईल. तोंडातून काहीही द्यायचं नाही, मी सांगेपर्यंत. सलाईन चालू आहे." मग कागदावर काही लिहिता लिहिता विचारलं, "अशा झटक्यात कधी कधी माणूस नंतर शिकलेली भाषा विसरतं आणि घरची तेवढी राहते. आजींची घरची बोली कोणती?"

आजूबाजूच्या खाटांवर माणसं होती. त्यातला एक सोनाळ्याचा, ओळखीचा, कान टवकारून बसलेला. दयारामच्या तोंडून रोजचंच उत्तर गेलं. रोज जीपमध्ये जायचं तसंच. विचार न करता.

"मराठीच जी. दुसरी कोणती असन?"

दुपारनंतर भिमाबाईने डोळे उघडले. जीभ जड, ओठ एका बाजूला ओढलेले. बराच वेळ धडपडून तिने शब्द काढला. सगळे वाकून ऐकू लागले.

"झोपो," वंदना म्हणाली. "झोपो म्हणते माय. झोपू द्या म्हणते."

केवढा आनंद झाला सगळ्यांना! माय बोलली! वंदनाने खिडकीचा पडदा ओढला, कपाळावरून हात फिरवला. "झोप माय, झोप. कोणी नाही तरास देत."

भिमाबाई पुन्हा तेच म्हणाली. पुन्हा त्यांनी तिला झोप म्हटलं. तिने डाव्या हाताने, जो चालत होता त्याने, वंदनाचा हात झटकला. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा ओरडला, "अरे झोपू द्या ना बे बुढीले! तुम्हीच जागं ठेवून राह्यले तिले!" सगळे बाहेर गेले. थोड्या वेळाने आतून तोच आवाज. नर्स आली, म्हणाली, "आजी, झोपायचंय ना? मग झोपा!" आणि डॉक्टरला सांगून झोपेची सुई टोचली.

दुसऱ्या दिवशीही तेच. आता भिमाबाई डाव्या हाताने वर टांगलेल्या बाटलीकडे बोट करू लागली. बाटलीकडे बोट, आणि तोच शब्द. दयाराम म्हणाला, "सलाईन काढा म्हणते. बोचत असन." एकदा तिने नळीच ओढली. मग काय, नर्सने पट्टीने तो हात खाटेला बांधून टाकला. दयारामने स्वतः गाठ धरून दिली. मायच्या भल्यासाठी.

हात बांधला तेव्हा मायने त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिलं, ते डोळे त्याला बसू देईनात. झोप मागणारं माणूस सुई टोचून झोपवल्यावरही उठून झोपच मागेल? आणि मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरने काय विचारलं होतं आणि आपण काय सांगितलं होतं, हे आठवलं.

डॉक्टरकडे जाऊन खरं सांगायचं धाडस त्याला झालं नाही. सोनाळ्याचा तो ओळखीचा माणूस दाराशीच बसला होता. आधी अर्थ तर कळू दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं आणि जीप काढली.

बोली येणारं आता एकच माणूस त्याला ठाऊक होतं. शेजारच्या पाड्यावरचा मोतीराम, मायच्या नात्यातला. बाजाराचा दिवस होता. मोतीराम सोनाळ्यातच सापडला, उकंडरावच्या दुकानाच्या पायरीवर, चार कास्तकारांच्या घोळक्यात चिलीम ओढत.

दयारामने मागचापुढचा विचार केला नाही. तिथेच, सगळ्यांसमोर हात जोडले. "मामा, माय दवाखान्यात हाये. निहालीत काहीतरी म्हणून राह्यली. 'झोपो' म्हणजे काय होते?"

घोळक्याने मोतीरामकडे पाहिलं. मग एकजण म्हणाला, "अबे मोतीराम, तुले ते चोरबोली येते? आपल्याले मालूमच नव्हतं!"

मोतीरामने चिलीम खाली ठेवली. दयारामकडे न बघता म्हणाला, "मले काऊन विचारतं बे? आपल्याले नाही येत असली बोली. झोपो म्हणते त झोपू दे ना बुढीले."

"मामा, पाया पडतो..."

"कोन मामा? जा बे, दारू पेऊन आला का?"

लोक हसले. आणि दयारामला सगळ्यात वाईट हे वाटलं की त्याला मोतीरामचा राग येईना. तो बोलला त्यातला शब्द न् शब्द दयाराम स्वतः बोलला असता.

तिथून तो दवाखान्यात न जाता कुंडझिरीला गेला. बकऱ्यांचं बघायचं होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. शेजारच्या पूनमने बकऱ्यांना पाला टाकला होता, अर्ध्यात कापलेला निळा ड्रम पाण्याने भरून ठेवला होता. बकऱ्या खाऊनपिऊन निंबाखाली रवंथ करत बसल्या होत्या. अंगणात मायची बाज होती. तो तीवर बसला, डोकं धरलं. काय म्हणते माय? त्याने तो शब्द तोंडात घोळवला. मग माय म्हणते तसाच म्हणून पाहावा म्हणून त्याने ओठ एका बाजूला ओढले, जीभ जड केली.

तसं केल्यावर 'झ' निघेना. 'ज' निघाला.

"जोप्पो."

कबरी नावाची म्हातारी बकरी, मायची सगळ्यात जुनी, रवंथ थांबवून उठली. अंग झाडलं आणि सरळ ड्रमपाशी जाऊन पाण्यात तोंड घातलं. तिच्यामागे बाकीच्या उठल्या.

दयारामला कळलं नाही. कळलं, पण पटलं नाही. त्याने कबरीला शिंगाला धरून ओढत पुन्हा निंबाखाली नेलं. "जोप्पो," तो म्हणाला. कबरीने त्याच्याकडे, या माणसाला काय झालं अशा नजरेने पाहिलं, आणि पोट भरलेलं असूनही पुन्हा ड्रमपाशी जाऊन उभी राहिली.

पाणी.

पाणी मागत होती माय. बाटलीतलं पाणी दाखवत होती. आणि आपण पडदा ओढला, झोप म्हटलं, सुई टोचली, हात बांधला. जे घरातल्या बकरीला ठाऊक होतं ते पोटच्या पोराला ठाऊक नव्हतं. दयाराम अंगणात दगडावर डोकं आपटायला लागला तेव्हा पूनम धावत आली. तिने काय झालं विचारलं तर तो म्हणे, "कबरीले मालूम होतं व पूनम, कबरीले मालूम होतं." पूनमला वाटलं, म्हातारी गेली.

तालुक्यापर्यंत त्याने जीप कशी नेली ते त्यालाच ठाऊक नाही. या वेळी पत्राही बडवला नाही.

वॉर्डात शिरला, सोनाळ्याचा माणूस तिथेच होता, आणि दयाराम त्याच्यासमोर, सगळ्या खाटांसमोर मोठ्याने म्हणाला, "साहेब, मी खोटं बोललो. आम्ही निहाल आहोत. माय निहाली बोलते. पाणी मागून राह्यली जी ते, पाणी! झोप नाही!"

डॉक्टर खाटेपाशी आला. मग म्हणाला, "उठवून बसवा त्यांना. पाठीला उशी लावा. चमच्याने देऊन बघू. ठसका लागला तर मात्र थांबायचं." आणि त्याने स्वतःच हाताची पट्टी सोडली.

दयारामने चमचा धरला. त्याने मायच्या कानाशी तोंड नेलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या बोलीत तिच्याशी बोलला.

"जोप्पो, माय?"

भिमाबाईने डोळे मोठे केले. पोराच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते तोंड तिचंच होतं, पण त्यातून आलेला शब्द तिने कधी तिथे ठेवला नव्हता. तिने चमच्यातलं पाणी घेतलं. गिळलं. थोडं ओघळलं. ठसका लागला नाही. दुसरा चमचा. तिसऱ्यानंतर तिने हाताने चमचा बाजूला सारला.

आणि बोलायला लागली.

पोराला बोली येते! हा कधी शिकला, कोणी शिकवलं, असं काही तिच्या मनात आलं असेल की नाही कोणास ठाऊक. सुंदराबाई गेल्यापासून साठलेलं, त्याच्याही आधीचं, चैतरामच्या वेळचं, सगळं बाहेर पडू लागलं. जड जिभेने, अडखळत, पण थांबत नव्हती. मध्येच तिने वंदनाकडे बघून काही सांगितलं आणि वाकड्या तोंडाने हसली, नाल्यावर हसायची तशी. मध्येच चैतरामचं नाव आलं. तेवढं दयारामला कळलं. बाकी एक शब्द नाही. त्याच्याजवळ एकच शब्द होता आणि तो खर्च झाला होता.

"हाव माय," तो म्हणत राहिला. "हाव. हाव."

मोबाइल खिशात होता. तो काढून आवाज भरून ठेवावा, हे त्याला दोन दिवसांनी सुचलं.

शेवटी तिने त्याची बाही धरली आणि काहीतरी विचारलं. विचारलंच, कारण आवाज वर चढला आणि ती थांबून त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. तिने पुन्हा विचारलं, तेच शब्द, हळूहळू, लहान पोराला विचारावं तसे. हो म्हणावं की नाही? काय मागत होती? कशाचं वचन घेत होती? कुठे नेऊन ठेवा म्हणत होती, का कोणाला माफ केलं का म्हणून विचारत होती? वंदना रडत होती. डॉक्टर दाराशी थांबला होता. विचारायला कोणी नव्हतं.

"हाव," दयाराम म्हणाला.

तिने बाही सोडली. मान उशीवर टाकली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली.

मायचे दिवस झाल्यावर दयाराम मोतीरामकडे गेला. या वेळी बाजारात नाही. म्हातारा एकटा आपल्या वावरात तुरीच्या ओळीत बसलेला पाहून गेला. मोतीरामने त्याला पाहून मान खाली घातली. "बस," म्हणाला.

दयारामने मायचा प्रश्न म्हणून दाखवला. जसा कानात होता तसा. मोतीरामने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. ओठ हलवून स्वतः काही जुळवून पाहिलं.

"नाही जुळत गा," तो म्हणाला. "हे आपलं बोलनं नाही राह्यलं. तुह्या तोंडात त्याची मराठी होऊन गेली."

'आपलं' म्हणाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. दयारामच्या आलं.

"तू तिले काय म्हनलं?"

"हाव म्हनलं."

मोतीरामने तुरीचा एक कोवळा शेंडा खुडला. "कशाले हाव म्हनलं, मालूम नाही?"

"नाही."

"मंग आता सगळ्यालेच हाव म्हन बाप्पा," मोतीराम म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

दयाराम घरी आला. ऊन उतरलं होतं. त्याने ड्रम भरला, निंबाखालच्या बकऱ्यांकडे पाहून ओठ एका बाजूला ओढले आणि हाक मारली. कबरी उठली, पाण्याकडे निघाली, अर्ध्या वाटेत थांबली. यावेळी तिने मान वळवून बाजेकडे पाहिलं. बाज रिकामी होती. मग ती पुढे गेली नाही.